लीलाआक्काचा नंबर

१

मंगळवार आला की संयोगिता चव्हाण सकाळी दहालाच दुकानाचं शटर ओढायची आणि पुठ्ठ्याची पाटी अडकवायची, ‘दोननंतर उघडेल’. उचगावातल्या बायकांना ते पाठ झालं होतं. ब्लाउज टाकायचा तर सोमवारी टाका, मंगळवारी टेलरबाई राजारामपुरीला जातात. कशाला जातात हेही सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोंडावर कुणी विचारायचं नाही. गावाला तेवढी लाज अजून शिल्लक होती.

गेल्या वर्षी तिचा डावा स्तन काढावा लागला. कॅन्सर होता. पुढं औषधं झाली, किरणांचे शेक झाले, केस गेले, केस परत आले. वीस वर्षं बायकांच्या छातीला टेप लावून माप घेणारी ही बाई स्वतःच्या ब्लाउजात डाव्या बाजूला कापूस कोंबून गिऱ्हाइकासमोर उभी राहायची. दुपारपर्यंत तो कापूस गळ्याशी यायचा. समोरची बाई बोलता बोलता तिकडं बघायची आणि मग मुद्दाम कॅलेंडरकडं बघायची. संयोगिताला ते सहन होईना. तिनं नवऱ्याला सरळ सांगितलं, “मला दोन्ही बाजू सारख्या पायजेत. दुसऱ्या कुणासाठी न्हाय, माझ्यासाठी पायजेत.” उदयसिंह म्हशी राखणारा, डेअरीला दूध घालणारा माणूस. तो “बरं” म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरचा पत्ता काढून आला.

राजारामपुरीतल्या डॉ. अंतरा देशिंगकरांनी तिच्या कातडीखाली एक रिकामी पिशवी बसवली. पिशवीला बारीक नळी, आणि नळीच्या टोकाला, काखेजवळ, कातडीखालीच एक बटण. दर मंगळवारी डॉक्टर ते बटण बोटानं चाचपून शोधायच्या, त्यात सुई घालायच्या आणि पन्नास एमएल मिठाचं पाणी आत सोडायच्या. पाणी आत शिरताना गार लागायचं. कातडी हळूहळू ताणत जायची. हवं तेवढं भरता येतं, जास्त झालं तर काढता येतं, हीच त्या पिशवीची खुबी. आठ मंगळवारांत चारशे एमएल झाले की डावी बाजू उजवीच्या जोडीची होणार होती. मग महिन्या-दोन महिन्यांनी ते बटण काढून टाकायचं आणि पिशवी आत तशीच राहू द्यायची. सुई टोचली की स्नेहल नावाची नर्स तिथं एक वाटोळी पट्टी चिकटवायची, मोठ्या टिकलीएवढी.

त्याच दवाखान्यातल्या बाकावर तिला लीलाआक्का भेटली. लीला चौगुले, कबनूरची, पंचावन्नची, घरात सहा माग. मागांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळं बाईला कुजबुजणं म्हणून माहीत नव्हतं. तिचीही डावी बाजू काढलेली, तिच्याही कातडीखाली तसलीच पिशवी.

“आपल्यापेक्षा म्हशी बऱ्या की गं,” ती भर दवाखान्यात म्हणायची. “त्यांचं काढून घेत्यात, आपल्यात भरत्यात!”

समोरचे पुरुष पेपरात तोंड खुपसायचे. संयोगिता पदरात हसायची. वर्षभरात तिला असं हसवणारं दुसरं कुणी भेटलं नव्हतं.

लीलाआक्काला चारशे पुरणार नव्हते. अंगानं थोराड बाई, तिला सहाशे भरायचे होते. “पुरी भरल्याबिगर मी मरायची न्हाय,” हे ती डॉक्टरांनाही सांगायची. तिचा नंबर नेहमी संयोगिताच्या आधी असायचा. स्नेहलनं नाव पुकारलं की ती बसल्या जागेवरून असा “व्हय!” करायची की खाली रस्त्यावरचा चहावाला मान वर करून बघायचा.

२

आठव्या मंगळवारी लीलाआक्का आली नाही.

बारा वाजून गेले. डॉक्टरांना साडेबाराला दुसऱ्या हॉस्पिटलात ऑपरेशन होतं. संयोगिताच्या दुकानात एका लग्नघरचे अकरा ब्लाउज अस्तर लावून पडले होते. स्नेहलनं दारात येऊन दोनदा पुकारलं, “चौगुले! लीला चौगुले!”

“स्नेहल, मी जातो तिच्या नंबरावर,” संयोगिता उठली. “आक्काची बस चुकली असंल. आली की तिला माझ्या नंबरावर पाठव.”

यात विशेष काही नव्हतं. लांबून येणाऱ्या बायका असे नंबर रोज बदलून घ्यायच्या. एकीची बस असायची, दुसरीची पोरं शाळेतून यायची असायची. स्नेहलनं मान हलवली आणि लीलाआक्काचाच कागद हातात घेऊन तिला आत नेलं.

संयोगिता टेबलावर आडवी झाली. ब्लाउज काढला, डावा हात डोक्यावर घेतला. स्नेहलनं पडदा ओढला आणि दांडीवरून लोखंडी कड्या सर्रकन सरकल्या. पलीकडं डॉक्टर हात धूत होत्या. कागदावरचं नाव बघून त्यांनी तिकडूनच विचारलं, “लीलाताई, तयार?”

संयोगिताला लहर आली. शेवटचा मंगळवार होता. वर्षभराचं ओझं आज उतरणार होतं, जीव हलका झाला होता. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि हुबेहूब लीलाआक्काच्या आवाजात ओरडली, “व्हय!”

स्नेहल खुदकन हसली. डॉक्टरही हसत आत आल्या. “तुम्ही होय? मला वाटलं, कबनूर आलं.” भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

बटण सापडलं, सुई गेली, पाणी गेलं. “चारशे,” डॉक्टर म्हणाल्या. “झालं तुमचं.” संयोगितानं मान वळवून आरशात बघितलं. दोन्ही बाजू सारख्या होत्या. तिला रडू आलं आणि ते तिनं अजिबात लपवलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा काउंटरवरचा फोन वाजत होता. स्नेहलनं उचलला, ऐकलं, आणि तिचा हात तोंडावर गेला.

“लीलाताईंचा मुलगा यशराज हाय,” फोन ठेवून ती म्हणाली. “आई गेली म्हणतोय. आत्ताच. घरातच, बसल्या जागी.”

३

पुढच्या मंगळवारी राजारामपुरीला जायचं नव्हतं. संयोगितानं शटर पूर्ण उघडं ठेवलं आणि मशीनवर बसली. लीलाआक्काची आठवण येत होती. तिच्या घरच्यांना भेटून यायला हवं, असं ती सकाळपासून घोकत होती.

बाराच्या सुमाराला मशीनवर डोकं टेकून तिला झोप लागली. दिवसा झोपणाऱ्या बायकांना नावं ठेवण्यात जिचा जन्म गेला, तिला भर दुकानात झोप लागावी याचं तिचं तिलाच हसू आलं. जाग आली तेव्हा साडेबारा झाले होते. डावी बाजू गार पडली होती. खिडकीतून वारा येतोय, ती मनाशी म्हणाली. खिडकी बंद होती हे तिनं बघितलं, आणि बघून न बघितल्यासारखं केलं.

संध्याकाळी अंघोळीला बसली तर काखेजवळ बोटाला काहीतरी लागलं. वाटोळी पट्टी. मोठ्या टिकलीएवढी.

मागच्या आठवड्याचीच राहिली असणार. पण मधल्या सात दिवसांत सात अंघोळी झाल्या होत्या, आणि पहिल्याच दिवशी ती पट्टी काढून तिनं स्वतः केरात टाकली होती. मग स्नेहलनं चुकून दोन दिल्या असतील, दुसरी परकराला चिकटली असेल, तिथून अंगाला. असं होतं. तिनं पट्टी सोलून काढली. खाली लाल टिपका होता, ताजा.

“ढेकूण,” ती मोठ्यानं म्हणाली. मोठ्यानं म्हटलं की खरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी ब्लाउजचे हूक लागेनात. तिनं टेप घेतला. छातीच्या मधल्या हाडापासून काखेपर्यंत उजवी बाजू मोजली, मग डावी मोजली. डावी अर्ध्या इंचानं जास्त. टेप खोटं बोलत नाही, पण हात चुकतो, म्हणून तिनं तीनदा मोजली. तिन्ही वेळा तोच अर्धा इंच.

सूज असेल, तिनं ठरवलं. कॅन्सरला पुरून उरलेल्या बाईनं अर्ध्या इंचाला भ्यायचं म्हणजे काय. पण त्या रात्री ती उजव्या कुशीवर झोपली, आणि डाव्या बाजूवर हात ठेवायचं तिनं टाळलं.

४

दुकानाच्या कोपऱ्यात ब्लाउज घालून बघायला आडोसा होता. नायलॉनच्या दोरीवर एक जुनी चादर टाकलेली, बस्स. ना दांडी, ना कड्या.

त्याच्या पुढच्या मंगळवारी संयोगिता काउंटरवर उभी राहून ब्लाउजाच्या छातीला टक्स मारत होती. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज लांब जात विरला. आणि तिच्या पाठीमागं लोखंडी कड्या सर्रकन सरकल्या.

तिला तो आवाज चांगला ओळखीचा होता. एकामागून एक, दांडीवरून, डावीकडून उजवीकडं. तिनं मान वळवली नाही. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती, एवढं तिनं बघितलं.

त्यानंतर तिला कळलं ते असं की ती आडोशाच्या आत उभी आहे. हातातली सुई कुठंतरी पडलेली. ब्लाउजचे सगळे हूक उघडे. डावा हात डोक्यावर घेतलेला, टेबलावर पडल्यावर घेतात तसा. काखेजवळ वाटोळी पट्टी. आणि आत, कातडीखाली, गार पाणी पसरत होतं. अजून पसरत होतं. ते थांबेपर्यंत ती तशीच हात वर करून उभी राहिली, कारण हात खाली घ्यायचं तिचं धाडस झालं नाही.

मग ती ओरडली. शेजारच्या किराणावाल्याची बायको धावत आली, तिला वाटलं मशीनची सुई बोटात गेली.

दुसऱ्या दिवशी उदयसिंहनं तिला गाडीवर घालून डॉक्टरांकडं नेलं. सोनोग्राफी झाली. डॉ. अंतरांनी मशीनच्या पडद्यावर पिशवी दोनदा मोजली.

“पिशवीच्या बाहेर पाणी नाही, सूज नाही,” त्या म्हणाल्या. “पिशवीच जास्त भरली आहे. पाचशेच्या आसपास. संयोगिताताई, रागावू नका, पण तुम्ही दुसरीकडं जाऊन भरून घेतलंत का?”

“मी? कशाला घेऊ?”

“काही बायकांना वाटतं, अजून थोडं हवं होतं.”

“मॅडम, मला सारख्या पायजे होत्या. झाल्याती. अजून काय करू मी?”

डॉक्टरांनी तिच्या जखमेवरची कातडी दोन बोटांत धरून बघितली. “हिला शेक दिलेले आहेत. ही कातडी आता ताणत नाही. साडेचारशेपर्यंत ठीक होतं. सहाशेपर्यंत गेलं तर जखमेवरच फाटेल, पिशवी बाहेर येईल. मग मला काही वाचवता येणार नाही. जंतू रक्तात गेले तर जिवावरही बेतेल.” त्यांनी सुई घातली आणि शंभर एमएल काढून घेतलं. स्वच्छ पाणी निघालं. स्नेहलनं ते भांडं मोरीत ओतलं आणि हात दोनदा धुतले.

निघताना संयोगितानं काउंटरवर हळूच विचारलं, “आक्काचे किती राहिल्ते गं?”

“चारशेवर होत्या त्या. चार वेळा राहिल्तं,” स्नेहल म्हणाली. तिनं लगेच खाली मान घातली. तिनंही मनातल्या मनात हिशेब केला असावा.

५

रविवारी दोघं कबनूरला गेले. उदयसिंह बाहेर पुरुषांत बसला. संयोगिताला लीलाआक्काची जाऊ झुंबरबाई आतल्या खोलीत घेऊन गेली. भिंतीपलीकडं माग चालू होते. फोटोतली लीलाआक्का तोंड मिटून बसली होती. हयातीत तिचं मिटलेलं तोंड कुणी बघितलं नसावं.

“नटून बसलीती,” झुंबरबाई सांगू लागली. बोलताना मागांच्या वरताण आवाज काढायची त्यांच्या घरातली सवयच. “त्या दिवशी सकाळपास्नं दम लागाय लागल्ता. म्हटलं, नगो जाऊ आज. तर म्हणली, गेल्याबिगर ऱ्हात न्हाय, माझा नंबर जाईल. दुसऱ्या बसनं जातो म्हणून ह्या खुर्चीवर बसली. बारा वाजून गेल्ते. मी हितं तांदूळ निवडाल्तो. तर एकदम मान वर केली. म्हणली, नंबर आला बघ माझा.”

“मग?”

“मग काय. उठली. दोन पावलं गेली दाराकडं, आणि थांबली. तोंड असं झाल्तं, आपल्या घरात दुसरंच कोण बसलंय म्हटल्यावर हुतंय न्हवं, तसं. म्हणली, ‘आत कोण गेलंय गं? मी हितं हाय की.’” झुंबरबाईनं डोळ्याला पदर लावला. “मी म्हटलं, कोण बी न्हाय वैनी. पण ती खाली बसली ती बसलीच.”

सांगावं असं तिच्या ओठांवर आलं होतं, की मी गेलतो, मीच गेलतो, थट्टा केली, माझं चुकलं. पण समोरच्या बाईला काय सांगायचं आणि तिनं त्यावर काय म्हणायचं? ती फोटोसमोर वाकली. डोकं टेकून मनातल्या मनात म्हणाली, आक्का, तुझा नंबर मी घेतला. माफ कर. तुझं तुला घे आणि मला सोड.

परतीच्या वाटेवर गाडीवर बसून तिनं उदयसिंहचा सदरा मुठीत धरून ठेवला होता. तिला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती, कॅन्सर म्हणाले तेव्हाही नाही. त्याला निदान नाव होतं, औषध होतं. मागितलेली माफी पोचते की नाही, हे कुणाला विचारायचं?

६

मंगळवारी उदयसिंहनं डेअरीचं काम भावावर टाकलं. दुकान बंद. घराची दोन्ही दारं कडी लावून बंद. त्यानं तिला खाटेवर बसवलं आणि समोर स्टूल ओढून स्वतः बसला.

“कोण येतंय बघू,” तो म्हणाला. “माझ्या अंगावरनं जावं लागंल.”

बारा वाजले. तो तिच्याकडं बघत होता, ती त्याच्याकडं. बाहेर कुणीतरी गॅसची टाकी लोळवत नेत होतं.

आणि मग तो भिंतीला टेकून उभा होता, आणि ती खाटेवर आडवी होती, डावा हात डोक्यावर. मधली वेळ तिला आठवतच नव्हती. उदयसिंहचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“काय झालं?” तिनं विचारलं. “अहो, कोण आल्तं?”

“कोण न्हाय.”

“मग?”

“कोण आलं न्हाय, संयोगिता. मी सगळं बघाय लागल्तो. तू मान वर केलीस, कुणी हाक मारल्यागत. मला काय ऐकू आलं न्हाय.” त्यानं दाराच्या कडीकडं बघितलं. “तू ‘व्हय’ म्हणलीस. केवढ्यानं म्हणलीस! तो तुझा आवाज न्हवता. मग तुझी तूच आडवी झालीस. हात वर घेतलास. आणि...”

“आणि काय?”

“मी तुला धरायला आलो, तर मला पुढं हुता येईना. मधी कोण हुबं असल्यागत. दिसत कोण न्हाय. पण तुझी छाती भराय लागलीती. माझ्या डोळ्यादेखत. ही एवढी.”

तिनं काखेजवळ हात नेला. पट्टी होती.

दुपारी डॉक्टरांनी मोजलं. साडेपाचशे. गेल्या बुधवारी काढलेलं शंभरही परत आलं होतं. जखमेवर एका ठिकाणी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. आतली पिशवी तिथून दिसत होती.

डॉ. अंतरा शिकलेली बाई. त्यांनी या खेपेला काहीही विचारलं नाही. पाणी काढलं, आणि खुर्चीत मागं टेकून बसल्या. “पुढच्या मंगळवारपर्यंत थांबू नये असं मला वाटतं,” एवढंच म्हणाल्या. पुढच्या मंगळवारी सहाशे होणार होते. खोलीतल्या चौघांनाही ते कळत होतं.

“काढा,” संयोगिता म्हणाली.

“पिशवी काढली की ती बाजू परत सपाट होईल. ही कातडी दुसऱ्यांदा भरायच्या लायकीची राहणार नाही. कायमचंच समजा.”

“कळतंय मला. काढा, मॅडम. पिशवी, नळी, बटण, सगळं काढा. आत काय ठेवू नगासा.”

हे म्हणताना तिला रडू फुटलं. दोन्ही बाजू सारख्या असण्याचं सुख तिला तीन आठवडेसुद्धा मिळालं नव्हतं, आणि मिळालं ते भिण्यातच गेलं. उदयसिंह दाराशी उभा राहून टोपी चुरगळत होता. त्याला बायकोचं रडणं कधीच बघवायचं नाही, तो खाली गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

७

शुक्रवारी पिशवी निघाली. शुद्धीवर आल्यावर संयोगितानं ती बघायला मागितली. स्नेहलनं ट्रे पुढं धरला. रिकामी, चुरमडलेली पिशवी, बारीक नळी, आणि बटण. तिनं तिन्ही वस्तू बोट लावून मोजल्या. मग डोळे मिटले आणि सलग दहा तास झोपली.

मंगळवारी सकाळपासून दोघं घड्याळाकडं बघत नसल्याचं सोंग करत होते. त्यानं तिच्यासाठी उपमा केला, त्यात मीठ दोनदा पडलं होतं, तरी तिनं सगळा खाल्ला. बारा वाजले. बारा दहा झाले. ती खाटेवर बसून त्याचा हात धरून होती. सव्वाबारा झाले. कड्या सरकल्या नाहीत. तिला कुणी हाक मारली नाही. साडेबाराला उदयसिंहनं श्वास सोडला.

“गेलं बघ,” तो म्हणाला.

ती हसली, मग रडली, मग परत हसली. तिला भूक लागली, चहा हवासा झाला. दुकान उघडायला किती दिवस लागतील, राहिलेले ब्लाउज कुणाकडून शिवून घ्यावेत, असं ती भराभर बोलू लागली. डाव्या बाजूला पुन्हा कापूस येणार होता, गळ्याशी चढणार होता. चढू दे, ती म्हणाली. कॅलेंडर बघणाऱ्यांनी कॅलेंडर बघावं.

“आधी कापड बदलू,” उदयसिंह म्हणाला. डॉक्टरांनी रोज एकदा बदलायला सांगितलं होतं. त्यानं साबणानं दोनदा हात धुतले, पट्टा सोडला, कापड उचललं. खाली सपाट छाती होती आणि आडवा, लांब, टाके घातलेला वण.

“वंगाळ दिसतंय न्हवं?”

“जित्ती हायेस तेवढं मला बास हाय,” तो म्हणाला आणि औषधाची बाटली घेऊन वाकला. धारा काढणारे राठ हात, पण कापूस असा टेकवायचा की तिला कळायचंही नाही.

काखेजवळ बोट लागलं. दाबलं. थोडं पुढं सरकलं, परत दाबलं.

“अहो, तिथं काय चाचपताय?” ती म्हणाली. “तिथं काय न्हाय आता.”

“मी कुठं हात लावलाय?”

त्याच्या एका हातात बाटली होती, दुसऱ्यात कापूस.

दोघांनी खाली बघितलं. काखेजवळच्या कातडीवर हरभऱ्याच्या दाण्याएवढा उंचवटा आला. तो बसला, आणि बोटभर पुढं परत वर आला. आतून. त्याला काही घाई नव्हती. जिथं बटण होतं तिथं तो दोनदा गोल फिरला, परत मागं आला, परत फिरला.

“आक्का,” संयोगिता कशीबशी म्हणाली. “आक्का, संपलं की आता. काढलं ते सगळं. न्हाय काय तिथं. जा की गं.”

उंचवटा थांबला. कान देऊन ऐकणारं माणूस थांबतं तसा. मग तो वणाच्या कडेनं निघाला. त्याच्यावरून एकेक टाका उचलला जात होता आणि खाली बसत होता. छातीच्या मधल्या हाडापर्यंत तो आला तेव्हा उदयसिंहच्या हातातली बाटली पडली. त्यानं दोन्ही तळवे हाडावर टेकवले आणि सगळं वजन टाकून दाबून धरलं.

“धरा,” ती म्हणाली. “धरा, सोडू नगासा.”

त्यानं धरलं होतं. मग त्याचा चेहरा बदलला. त्यानं हात उचलले आणि स्वतःच्या तळव्यांकडं बघत राहिला.

उजवी बाजू तिची स्वतःची होती, जन्मापासूनची. तिला कधी सुई लागली नव्हती, तिनं शेहेचाळीस वर्षांत कधी त्रास दिला नव्हता. तिच्या आतल्या कडेला हरभऱ्याएवढा उंचवटा वर आला, क्षणभर थांबला, आणि तिथून, नव्या जागी, पहिल्यापासून चाचपू लागला.